रातोमिरकाकांची मान

विदोसावाची नोकरी त्या दिवशी एका तापमापकावर लटकली होती. सर्बियातल्या एका तांब्याच्या खाणीतल्या नव्या वीजघराला थंड ठेवायची यंत्रणा तिने आखली होती. जुलैचा उन्हाळा, सगळी यंत्रं पूर्ण भारावर, आणि आतलं तापमान पंचविसाच्या वर जाता कामा नये. गेलं की विजेची कपाटं रुसतात आणि खाण ठप्प होते. थोड्याच वेळात परीक्षक ग्वोझ्देनसाहेब येणार होते, आणि काटा तिशीला टेकला होता.

छतावर चढून तिने यंत्र तपासलं. ठणठणीत. घामाघूम होऊन खाली आली आणि पाहते तो काय, थंड हवेच्या जाळीत लोकरीची बंडी कोंबलेली, आणि जाळीखालच्या खुर्चीत ऑपरेटर रातोमिरकाका निवांत बुरेक, म्हणजे चीज भरलेली खारी, खात बसलेले.

“काका, हे काय?”

“मानेवर वारं येत होतं.”

“ते वारं मशीनसाठी आहे!”

“मग मशीनच्या मानेवर सोड की! माझी खुर्ची बरी सापडली तुला. आमचा मेहुणा असाच बसमध्ये खिडकीशी बसला, तोंड वाकडं झालं त्याचं.”

“लग्नाच्या फोटोतही वाकडंच आहे ते.”

तिने बंडी उपसून काढली. आमच्या सर्बियात देवाला, पोलिसाला आणि बायकोलाही न भिणारा माणूस मानेवरच्या वाऱ्याला मात्र टरकतो. काकांनी आधी मानेला राकिया, म्हणजे गावठी फळांची दारू, चोळली, उरलेली पोटात चोळली, आणि टेबलाखाली गुपचूप हीटर लावला. काटा पुन्हा चढला. विदोसावाने हीटर जप्त केला. तेव्हा काकांनी बाहेरची ऊब आत यावी म्हणून दार उघडलं. वाऱ्याला वाटच मिळाली, आणि झोत दुपटीने त्यांच्या मानेवर आदळला.

“मारलंस मला, पोरी!” मान धरून काका कॅन्टीनकडे पळाले. “आता बस तूच तिथे!”

ऑपरेटरच्या खुर्चीत कुणीतरी हवंच, नाहीतर चाचणी बाद. विदोसावाने दार लावलं आणि बसली. काटा तेविसावर आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण घामाने केस ओले, आणि वरून मानेवर गार धार. शिकलेली इंजिनिअर आहोत, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. लहानपणापासून ‘ओल्या केसांनी वाऱ्यात बसू नकोस’ म्हणणारी आई मात्र डोक्यात ओरडतच राहिली. शेवटी गळ्यातला फुलाफुलांचा रुमाल तिने जाळीत खोचला. अर्धीच जाळी झाकायची असं ठरलं होतं, पण उरलेली अर्धीही फार बोचत होती.

ग्वोझ्देनसाहेब आले तेव्हा काटा सत्ताविसावर होता. त्यांनी वर पाहिलं, तिला उठवलं आणि खुर्चीवर चढून रुमाल खेचला.

“हे कुणाचं?”

“माझं.”

“आणि यंत्रणा कुणाची?”

“तीही माझीच.”

विदोसावाला रडू फुटायचंच बाकी होतं. शेवटची नोंद परीक्षकाने स्वतः ऑपरेटरच्या खुर्चीत बसून घ्यायची, या नियमाप्रमाणे काटा उतरेपर्यंत साहेब त्याच खुर्चीत बसले. त्यांच्या घामेजल्या टकलावर गार हवा बदाबदा कोसळू लागली. त्यांनी कॉलर वर केली. मग डोक्यावर फाईल धरली. काटा चोविसावर आला तेव्हा त्यांनी मुकाट्याने तो रुमाल डोक्याला गुंडाळला, हनुवटीखाली घट्ट गाठ मारली आणि सही केली.

“यंत्रणा पास,” ते म्हणाले. “जाळी तेवढी कपाटांच्या मागे हलव. आणि कुणी फोटो काढला, तर नापास.”