बोकडाचा लेखी होकार

ज्याचा बळी द्यायचा त्याची आधी परवानगी घ्यावी, ही सुसंस्कृत समाजाची पहिली खूण होय. (दुसरी खूण म्हणजे परवानगी मिळायच्या आत आचाऱ्याने मसाला वाटून ठेवणे.)

देवीच्या उत्सवात पूर्वीही बोकडाला विचारत. अंगावर पाणी शिंपडायचं, त्याने अंग झाडलं की देवीने तो स्वीकारला. पण झाडलं की नुसतं हललं, यावरून भांडणं जुंपत. म्हणून देवस्थान समितीने संमती उपसमिती नेमली आणि सचिव म्हणून पाणीपुरवठा कचेरीतल्या कारकुनाला बसवलं. त्याने रात्रंदिवस खपून नियमावली केली. नियम चार: वाऱ्याने आलेला शहारा होकार धरू नये. नियम सहा: कान हलवणे हा अंशतः होकार, दोन्ही कान मिळून पाव. नियम नऊ: तासाभरात अंग न झाडल्यास बोकड सन्मानाने सोडून द्यावा. नववा नियम शोभेचाच होता. (आजवर विचारलेल्या एकशे बारा बोकडांपैकी एकशे बारांनी होकार दिला होता. इतकं एकमत समितीच्या चहावरही होत नाही.)

यंदा पहिला बोकड खुद्द सचिवाचा होता. नोकरीत कायम झालो तर बोकड देईन, असा नवस तो बोलला होता, आणि अकरा वर्षांनी कायम झाला. करडू आणलं तेव्हा एवढंसं होतं. बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलं आणि त्याला ‘धाकटा’ म्हणायला लागली. (थोरला परगावी होता आणि फोन उचलत नसे. धाकटा एका हाकेत येई.)

सकाळी ती एवढंच म्हणाली, “अहो, नियम तुमचाच आहे ना? मग तास तेवढा नीट मोजा.”

पाणी शिंपडलं. धाकट्याने कारकुनाकडे पाहिलं आणि गळ्यातला हार खायला घेतला. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. अर्ध्या तासाने ताशे वाजवले. चाळिसाव्या मिनिटाला अध्यक्षांनी मंडपातला मोठा पंखा बोकडाकडे वळवायला सांगितला.

“साहेब, नियम चार,” कारकून म्हणाला. अध्यक्ष कचेरीतही त्याचे साहेबच होते.

“चार नंतर बघू हो! लोकांच्या पोटात कावळे ओरडतायत.”

पंख्याने धाकट्याची दाढी उडाली, बाकी काही नाही. कारकुनाला जन्मात पहिल्यांदा आपल्या हातच्या नियमाचा अभिमान वाटला. बायकांच्या रांगेत त्याची बायको डोळे घट्ट मिटून त्याच देवीला हात जोडून बसली होती.

पन्नासावं मिनिट गेलं. पंचावन्नावं गेलं. आचाऱ्याने दोनदा येऊन चूल वाया चालल्याचं सांगितलं.

“सचिव, घड्याळ पुढे पळत नाही ना तुमचं?” अध्यक्षांनी विचारलं. “उद्या कचेरीत भेटायचंय आपल्याला.”

मंडपातली चारशे माणसं आता बोकडाकडे बघत नव्हती, कारकुनाकडे बघत होती. त्याने मान खाली घातली आणि वहीत लिहिलं: “अंग झाडले. मिनिट एकोणसाठावे.”

धाकटा अजून झेंडूच चघळत होता.

जयजयकार झाला तशी बायकोने डोळे उघडले. ती न जेवता घरी गेली, आणि तेव्हापासून नवऱ्याशी बोललेली नाही. कारकुनाला स्वतःची लाज वाटते, पण कचेरीत त्याचं बरं चाललंय.

त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण वाचकहो, खरं सांगा, पंचावन्नाव्या मिनिटाला तुम्हीही मनात म्हणालात ना, की आता काय ते एकदाचं होऊन जाऊ दे? वहीत साक्षीदारांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिथे तुमचं नाव घातलं आहे.