अस्वलाची गिटार आणि नरम पापड

एका जंगलात, मुलांनो, वाद्यांचं एकच दुकान होतं. नदीकाठच्या कपारीत. भिंतींना बारा महिने ओल. मालक साळिंदरशेठ. अंगभर काटे, पण जीभ लोण्याची. दुकानदाराने असंच असावं.

एके दिवशी गुणाजी अस्वल आपली बास गिटार घेऊन आला. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजली की कानाआधी पोटाला कळतं.

"शेठ, पौर्णिमेला दरबारात परीक्षा आहे. बासवाल्याची एकच जागा. मिळाली तर जन्मभर राजाच्या झाडावरचा मध. आणि ही बया घरी नुसती खरखरते!"

शेठने एक डोळा मिटून गिटारीचा लांब दांडा न्याहाळला. या दांड्याच्या पोटात लोखंडी सळई असते. ती चावीने आवळली की दांडा सरळ होतो, सैल केली की जरा वाकतो. शेठने चावी किंचित फिरवली.

"रात्रभर राहू द्या. लाकडाला घाई चालत नाही."

सकाळी गिटार अशी घुमली, की कपारीतली वटवाघळं ऐकायला सुलटी झाली.

गुणाजी खुशीत घरी गेला. त्याची गुहा उंच खडकात. बाहेर ऊन, आत चूल. दोन दिवसांत खरखर पुन्हा सुरू.

तो परत दुकानात आला. शेठने गिटार रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी चावीला हातही न लावता वाजवून दाखवली.

"बघा, ठणठणीत! तक्रारीचे पैसे मी घेत नाही, गुणाजीराव. नखं तेवढी कापा."

गुणाजीने नखं कापली. घरी खरखर तशीच. वर आता झाडावर चढून मध काढता येईना. राजाच्या मधावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्याची बायको पारूबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. "अहो, आपण शेठला पापड दिले होते. ते त्यांच्याकडे कसे लागतात?"

"नरम. चावता चावत नाहीत."

"आणि आपल्याकडे?"

"हात लावला की मोडतात."

"पापड तेच ना? मग लाकूड काय आकाशातून पडलंय? तिथे ओल पिऊन वाकतं, इथे सुकून ताठ होतं, मग तारा घासतात. शेठना म्हणावं, घरी येऊन लावा."

गुणाजीने दोन्हीकडचे पापड शेठपुढे ठेवले आणि पारूबाईचं म्हणणं सांगितलं. शेठने हात जोडले.

"वहिनींपुढे बोलायची सोय नाही! येतो. मात्र घरी येऊन काम म्हणजे मधाचा एक घडा."

घरात उरलेला शेवटचा घडा गेला. शेठने चुलीशेजारी बसून दांडा लावला. गिटार गुहेत अशी वाजली, की पारूबाईची भांडी डोलायला लागली.

पौर्णिमा आली. दरबार नदीकाठीच, शेठच्या कपारीला लागून. महाराज वेळेवर आले, म्हणजे दुसऱ्या दिवशी. तोवर दांडा ओल पिऊन वाकला. तारा इतक्या वर उचलल्या गेल्या, की खालून मुंगळ्यांची वरात गेली असती. गुणाजीने दाबून दाबून बोटं सोलून घेतली. सूर काही जागेवर येईना.

"महाराज, घरी फार छान वाजते हो!"

"घरी मीही छान गातो," मागून गाढव म्हणालं.

पुढचा उमेदवार बेडूक. ना दांडा, ना तारा. हवा जितकी ओली, तितका त्याचा गळा मोकळा. त्याने एकदाच आवाज लावला. महाराजांच्या पोटाला कळलं. जागा गेली.

गुणाजी तडक शेजारच्या कपारीत शिरला. "शेठ, तुम्ही इथे लावली होतीत, तशीच नेली असती तर?"

"वाजली असती की. भिंतीला भिंत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, घरी वाजली पाहिजे. त्यात वहिनींचा पापड. पापडापुढे मी काय बोलणार?"

गुणाजीचा चेहरा पडला. शेठने काटे सांभाळून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो, उन्हाळा येऊ द्या. दरबार कोरडा पडेल. बेडूक चिखलात जाऊन झोपेल. जागा तुमचीच! गिटार इथेच ठेवा. आत्तापासून उन्हाळ्यासाठी लावून ठेवतो. घडा सवडीने आणा."

गुणाजीने डोळे पुसले. गिटार त्या ओल्या भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या घड्याची सोय बघायला निघाला.

तात्पर्य : गिऱ्हाईक शहाणं झालं म्हणून दुकानदाराने धास्तावू नये. भोळं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, शहाणं गिऱ्हाईक उपाय घेऊन येतं. तक्रारीचे पैसे मागता येत नाहीत.