टोपीकरांचे अ‍ॅडेज शब्दाची आणि मातुश्रींचे बोलाची हकीकत

श्रीवाग्देवीस नमन, आणि जे बोलून गेले परंतु ज्यांचीं नांवें राहिलीं नाहींत त्यांसही नमन. शके सत्राशें एकवीस, सिद्धार्थी नाम संवत्सरीं, पौषमासीं, टोपीकर इंग्रजांचे वकिलाचें पत्र हुजूर आलें कीं, 'आपले राज्यांतील एक अ‍ॅडेज आमचे संग्रहाकरितां पाठवावें.' मग महाराजांनीं दुभाषी गिरमाजीपंत यांसी विचारिलें, 'हा काय पदार्थ?' पंत वयानें तरुण, बोलणें हळू. ते म्हणाले, 'महाराज, आपण म्हण म्हणतों तेंच. मात्र टोपीकर हा शब्द जुन्या, अनेकांचे तोंडीं मुरलेल्या बोलासच लावितात, आणि आपल्या म्हणण्यास वडिलांचा आधार हवा, तेव्हां भाषणांत योजितात.'

महाराजांस संतान नव्हतें, आणि आपले मागें कांहीं उरावें ही एकच इच्छा मनीं होती. म्हणोन त्यांनीं स्वतः एक वाक्य रचिलें आणि आज्ञा केली कीं, हेंच अ‍ॅडेज म्हणोन लिहावें. फडणीस विसाजीपंत म्हणाले, 'आत्तां रचिलें, पण शंभर वर्षांचें वाटतें.' गिरमाजीपंतांनीं लेखणी खालीं ठेविली, आणि दुभाषेपण जाईल हें जाणोनही बोलिले, 'महाराज, वाक्य सुरेख आहे, पण यास तो शब्द लागणार नाहीं. प्रथम कोण बोलिलें हें लोक विसरतात, तेव्हां तो लागतो.' महाराज खिन्न झाले आणि म्हणाले, 'मग बोलणाराचें काय उरलें, पंत?' 

इतक्यांत संक्रांतीचीं सुगडें घेऊन तुळसा कुंभारीण आणि तिची सून चौकांत आल्या, आणि सुनेचे हातून एक सुगड फुटलें, आणि ती मुसमुसूं लागली. तुळसा म्हणाली, 'अगं, राजाच्या दारात रडतात का? पूस डोळे.' मग तिला जवळ घेऊन चार शब्द बोलली. ते ऐकतांच महाराज आसनावरोन उठले. लहानपणीं मातीचा घोडा मोडला, तेव्हां मातुश्रींनीं त्यांस उराशीं धरोन तेच चार शब्द तेथल्या तेथें जुळवून सांगितले होते. जवळ एका दाईवांचोन कोणी नव्हतें, आणि मातुश्री त्याच वर्षीं कैलासवासी झाल्या. महाराजांनीं विचारिलें, 'बाई, हा बोल कोणाचा?' ती म्हणाली, 'कोणाचा म्हणजे, महाराज? जुनाच हाय. माझी सासू म्हणायची, आता आळीत समद्याच म्हणत्यात. सुगडाचा राग नका धरू.'

त्या दाईचे तोंडूनच तो बोल बाहेर गेला असेल, हें महाराज समजले. मग त्यांनीं आपलें वाक्य परत घेतलें, आणि तुळसेचा बोल लिहविला, आणि अंगावरील शाल काढोन गिरमाजीपंतांस पांघरविली. पंतांनीं हळूच विचारिलें, 'खालीं मातुश्रींचें नांव लिहूं?' महाराज म्हणाले, 'नको. आई घरोघर पोंचली आहे. नांव लिहिलें तर पुन्हा आमची एकट्याची होईल.'

एकूण मजकूर इतकाच कीं, एक परका शब्द दारीं आला, त्याचा अर्थ पुसला गेला, आणि एका पोरक्या लेकास आई ऐकूं आली. त्या शब्दाचे उपकार मानावे. तो बोल येथें लिहिला नाहीं. वाचणाराचे घरीं कोणी तरी तो म्हणतच असेल.