लिंबाजी गाढवाची उंच गाडी

एका जंगलात लिंबाजी नावाचं गाढव होतं, गोजरा नावाची त्याची बायको होती, आणि दोघांची गोंडस शिंगरं होती. हसता काय रे बाळांनो? गाढवाला संसार नसतो का?

गोजरा मडकी घडवायची. लिंबाजी ती बाजारी न्यायचा. आधी पाठीवर न्यायचा, पुढे त्याने एक जुनी पिकअप गाडी घेतली. गाढवाने आपलं ओझं गाडीवर टाकलं, म्हणून जंगलात थोडी कुजबुज झाली. मग सगळे विसरले.

गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, मऊ पडले होते. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसारखी ती बसत-उठत चालायची. रस्त्यात खड्डे तर इतके, की रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते विचारावं लागे. लिंबाजी एकेक खड्डा चुकवत जायचा. गोजरा पेंढ्यात मडकी निजवायची, तान्ह्या लेकरांसारखी. बाजार येईपर्यंत एकाचाही टवका उडायचा नाही.

आणि मग जंगलात मोबाइल आला.

त्यात एक रानडुक्कर उंच गाडी घेऊन कडे चढायचं, ओढ्यात उड्या मारायचं. लिंबाजी ते बघत बसायचा. तोंडातला चारा तोंडातच राहायचा.

"गोजरा," तो उसासा टाकून म्हणाला, "आपली गाडी डोंगर चढत नाही गं."

"डोंगरावर आपलं कोण राहतं?"

"कोणी राहत नाही म्हणून काय जायचंच नाही?"

"जा की. चार पाय दिलेत देवानं तुम्हांला."

हे लिंबाजीला फार लागलं. तो तडक हुप्प्या माकडाच्या गॅरेजात गेला.

"या, लिंबाजीशेठ!" हुप्प्या म्हणाला.

बाळांनो, गाढवाला आजवर कोणी शेठ म्हटलं नव्हतं. त्याचे दोन्ही कान ताठ झाले. तिथेच सौदा झाला म्हणा ना.

"जाड पाटे घालू, मोठे शॉकअप घालू, गाडी हातभर वर उचलू," हुप्प्या म्हणाला. "मग खड्डा काय, दरी आली तरी भ्यायचं नाही."

"आणि मडक्यांचं कसं?"

"मडक्यांना विचारून कोणी गाडी बनवतं का शेठ?"

गाडी घरी आली. गोजरा बघतच राहिली. मडकी ठेवायचा हौदा तिच्या डोक्याच्याही वर गेला होता.

"ही गाडी आहे का माळा?"

"ऑफ-रोड म्हणतात याला. रस्ता नसेल तिथे जाते."

"आणि बाजार कुठे भरतो?"

"रस्त्याला."

गोजरेने शेजारच्या माकडिणीकडून शिडी मागून आणली.

तेवढ्यात सिंहराजाच्या मुलीचं लग्न निघालं. रस्तेमंत्री घोरपड सांगावा घेऊन आली. मंत्री झाल्यापासून ती खुर्चीला चिकटलेली असे. त्या दिवशी खुर्चीसकटच आली.

"मांडवाच्या चारी कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड लागते," ती म्हणाली. "सकाळी पाहुणे यायच्या आत पोचवा. मडकी आली, तर लिंबाजी पंगतीला बसेल. नाही आली, तर लिंबाजी पंगतीत वाढला जाईल. सरकारांचे शब्द आहेत."

गोजरेने सगळी मडकी पेंढ्यात घातली, वरून दोरी बांधली आणि स्वतःही शिडीवरून गाडीत चढली.

"आजच्या दिवस सावकाश चला. खड्डे चुकवा," ती म्हणाली.

"खड्डे चुकवायचे, तर एवढे पाटे घातले कशाला?" लिंबाजी म्हणाला. आणि तो खड्डे शोधून शोधून गाडी घालू लागला.

आता नीट ऐका. जाड पाट्याला भार लागतो, तेव्हा तो दबतो. मडक्यात काय असतं? वारा. वाऱ्याने पाटा दबतोय होय! चाक खड्ड्यात गेलं की हौदा असा उसळे, जसं कोणी सुपात तांदूळ पाखडतंय. दोरी सैल झाली. एक मडकं उडालं आणि मागच्या खड्ड्यात पडून फुटलं.

"अहो, थांबा! मडकी चालली!"

"झेप बघ कशी घेते! अगदी डुकरासारखी!"

"डुकराच्या गाडीत मडकी होती का?"

पण लिंबाजीला काही ऐकूच येईना. कान तेवढे लांब, ऐकणं आखूड. खड्ड्याला मडकी, खड्ड्याला मडकी, असं करत गाडी मांडवात पोचली. हौद्यात उरला नुसता पेंढा.

"मडकी?" सिंहाने विचारलं.

लिंबाजी पेंढ्यात मडकी शोधू लागला. गोजरेच्या डोळ्यांपुढे घरची शिंगरं आली.

"सरकार," ती म्हणाली, "मडकी वाटेवर आहेत."

खोटं नव्हतंच ते. सिंहाने पेंढा पाहिला आणि म्हणाला, "आचाऱ्याला बोलवा."

आचारी सुरी पुसत आला, तोच ताशे वाजले. त्याच वाटेने नवऱ्याचं वऱ्हाड येत होतं. पुढे हत्ती, मागे गाड्या. नवऱ्याचा बाप हसत खाली उतरला.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "दर खेपेला तुमच्या मुलुखात यायचं म्हणजे कंबर धरून यायचं. आज मला गाडीत डुलकी लागली! खड्ड्याखड्ड्यात लाल खापऱ्या भरल्यात, हत्तींच्या पायांनी कशा घट्ट बसल्या! असा राजा हवा."

सिंहाने घोरपडीकडे पाहिलं. घोरपडीने लिंबाजीकडे पाहिलं.

"ही सरकारांची खापरी रस्ता योजना," घोरपड पटकन म्हणाली. "आणि हे आपले ठेकेदार, लिंबाजीशेठ."

"मीच काढली ती योजना," सिंह म्हणाला. आचारी सुरी घेऊन परत गेला. उतरंडीच्या जागी उतरंडीचे फलक लागले. फलकावर मडकी लहान आणि घोरपड मोठी होती.

तेव्हापासून खड्डे बुजवायचा ठेका लिंबाजीकडे आहे. गोजरा घडवते, लिंबाजी फोडतो. आता ती मडकी अर्धीकच्चीच भाजते, पक्क्या मडक्याला फुटायला वेळ लागतो म्हणून. पावसाळ्यात खापऱ्या वाहून जातात, खड्डे परत येतात, खड्ड्यांमागे ठेका येतो. लिंबाजीचं दगडी घर झालं. दारात हिरव्या चाऱ्याची गंजी लागली. शिंगरं गुटगुटीत झाली. आणि घरात पाणी प्यायला गोजरेने स्टीलचं पिंप आणलं.

तात्पर्य: मुलांनो, गाडीचे पाटे नेहमी कडक ठेवावेत. मडकं घरात फुटलं तर नुकसान होतं; सरकारी खड्ड्यात फुटलं तर विकास होतो.