समुद्रदर्शन तिकिटात समाविष्ट

मुंबईचे लोक शनिवार-रविवारी रायगड जिल्ह्यातल्या कळंबला येतात, म्हणून कळंबच्या रूपेशला सुट्टी सोमवारी मिळते. रूपेश तिथल्या एका रिसॉर्टवर सुपरवायझर आहे. पाहुण्यांना बैलगाडीतून फिरवणे, त्यांना चिखलात भातलावणीचा अनुभव देणे आणि अनुभव घेऊन झाला की त्यांचे पाय गरम पाण्याने धुण्याची व्यवस्था करणे, ही त्याची जबाबदारी. अशा माणसाने एकदा स्वतःच्या कुटुंबालाही पर्यटनाचा लाभ द्यावा, हे रास्तच होते. मे महिन्यातल्या एका सोमवारी तो आई अंबाबाई आणि बायको वनिता यांना घेऊन ‘मुंबई दर्शन’च्या बसमध्ये बसला.

अंबाबाईची मागणी एकच होती. रायगड जिल्ह्याला समुद्र आहे हे ती ऐकून होती. पण तिचा सगळा जन्म जिल्ह्याच्या डोंगराकडच्या बाजूला गेला होता.

“बाकी काय बी दाखवू नको रं,” ती म्हणाली, “दर्याचं पाणी पायाला लागलं की बास.”

“काळजी करू नका, मावशी,” गाइड म्हणाला. “समुद्रदर्शन तिकिटात समाविष्ट आहे.”

बस प्रथम एका सिनेनटाच्या बंगल्यापाशी थांबली. नट तो बंगला विकून कधीच दुसरीकडे गेला होता, पण गर्दीला तसे कोणी कळवले नव्हते. सगळे बंद फाटकाकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने वॉचमन दूध आणायला बाहेर पडला, तेव्हा लोकांनी त्याचे फोटो काढले. वनितानेही काढला. तो दूध घेऊन परत येताना पुन्हा काढले. यात उशीर झाला, म्हणून समुद्राच्या रस्त्यावर बस जोरात सुटली.

“समुद्र उजव्या हाताला आहे,” गाइडने जाहीर केले. “इथे थांबायला परवानगी नाही. सर्वांनी जागेवर बसूनच दर्शन घ्यावे.”

अंबाबाई डाव्या हाताला होती. ती उठली, तर गाइडने तिच्या सुरक्षिततेसाठी तिला खाली बसवले. उजवीकडच्या मंडळींना ऊन लागत होते, त्यांनी पडदे ओढून घेतले. वनिताने विनवण्या करून एक पडदा बाजूला करायला लावला, तोवर बस बोगद्यात शिरली होती.

“येताना दर्या आपल्या बाजूला येल ना?” रूपेशने विचारले.

“येताना बस आतल्या रस्त्याने येते.”

पुढचे ठिकाण बंदराजवळचा चौक. तिथे पोलिसांनी दोर बांधले होते. एका मोठ्या माणसाला शांतपणे समुद्र पाहायचा होता, म्हणून समुद्र इतरांसाठी बंद होता. वाचलेला वेळ गाइडने प्रवाशांच्या हिताचा विचार करून मॉलला दिला.

मॉल चार मजली होता, पण काही विकत घेतल्याशिवाय बसता येईल अशी जागा एकाही मजल्यावर नव्हती. अंबाबाईचे गुडघे दुखू लागले. तळमजल्यावर ‘गावाकडे चला’ नावाचा महोत्सव चालू होता. तिथे एक झोपडी दिसली. अंबाबाईने चपला काढल्या आणि ती झोपडीच्या उंबऱ्यावर टेकली.

लगेच लोक जमले. महोत्सवाची व्यवस्थापक माधवी नावाची मुलगी धावत आली. “आजी, एजन्सीने पाठवलं ना तुम्हाला? किती उशीर! जात्यावर बसा.”

अंबाबाईने जात्याचा खुंटा धरून सवयीने जोर लावला. वरची तळी उडाली आणि एका गृहस्थाच्या आइस्क्रीमवर पडली. जाते थर्माकोलचे होते.

“ह्यातून पीठ पडायचं नाय,” अंबाबाई म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपेशने तळी उचलून हातावर तोलून पाहिली. “आपल्या रिसॉर्टला असंच पायजे,” तो बायकोला म्हणाला. “उचलाया किती हलकं हाय.”

“आधी आईंना उठवा,” वनिता म्हणाली.

तेवढ्यात एजन्सीची खरी आजी आली. ती एक तरुण नटी होती. ठसठशीत नऊवारी, गालावर रंगवलेल्या सुरकुत्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. माधवीने दोघींना शेजारी उभे करून पाहिले. अंबाबाईची साडी नायलॉनची होती, कमरेला मोबाइल खोचलेला होता.

“सॉरी आजी,” माधवी म्हणाली. “तुम्ही तितक्या गावाकडच्या वाटत नाही.”

“कळंबची हाय मी.”

“असाल. पण लोकांना पटायला हवं.”

लोकांना नटी ताबडतोब पटली. तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली, आणि फोटो काढायला कोणीतरी हवे म्हणून रांगेतल्या एका बाईने आपला फोन अंबाबाईच्या हातात दिला. मग दुसरीनेही दिला. वनिताने सासूला दंडाला धरून बाहेर काढले, तेव्हा गाइड शिट्टी वाजवत होता.

परतीच्या वाटेवर रूपेशने समुद्राची आठवण करून दिली. गाइडने बसमधला टीव्ही लावला. निळ्याशार लाटा आल्या, नारळाची झाडे आली, एक गोरे जोडपे पळत आले.

“हे झालं समुद्रदर्शन,” गाइड म्हणाला. “आता तक्रार नको.”

“हे तर घरी बी दिसतं,” अंबाबाई म्हणाली. मग ती पदर डोक्यावर ओढून खिडकीकडे वळली. रूपेश जात्याचे फोटो रिसॉर्टच्या मालकाला पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताच्या फोनवर त्या नटीचा फोटो येऊन पोहोचला. नटी थर्माकोलच्या जात्याशी बसली आहे आणि खाली लिहिले आहे : ‘अस्सल माती, अस्सल माणसं. शहराने काय गमावलं, ते या माउलीच्या डोळ्यांत पाहा.’ कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचे बोट आले आहे. जाड, भेगाळलेले, नख काळे पडलेले. वनिताने सासूचे बोट ओळखले.

फोटो खूप फिरला. तुमच्याकडेही आला होता. तुम्ही हात जोडलेत, डोळे पुसलेत आणि पुढे पाठवण्याआधी, चांगला दिसावा म्हणून, ते बोट तेवढे कापून टाकलेत.