ताम्हणेसरांची चूकवही

"तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक सांगा." मुलाखतीत ताम्हणेसरांचा हा पहिला प्रश्न असे. पुष्कळदा शेवटचाही तोच.

समोरचा उमेदवार गळ्याशी टाय आवळून बसलेला असायचा. तो म्हणायचा, "सर, मी जरा जास्तच मेहनत करतो." झालं! सर उठून उभे राहत, त्याचा हात प्रेमाने हातात घेत आणि गुजरातीत निरोप देत, "आवजो!" त्याची फाईल उघडलीसुद्धा जायची नाही. सुवर्णपदकवाले कितीतरी जण या एका 'आवजो'ने आमचा जिना उतरून गेले.

आणि बडोद्याच्या समा भागातून सायकलवर आलेली हेतल? तिने रडवेल्या आवाजात सांगितलं, की कॉम्प्युटर क्लासातल्या सगळ्या मुलांचे निकाल माझ्या हातून पुसले गेले होते आणि मीच जाऊन ते मास्तरांना सांगितलं. तिला सरांनी जागच्या जागी कामावर घेतलं.

"ज्याला चूक सांगता येते, त्याला प्रोग्रामिंग मी शिकवीन," ते म्हणत. "ज्याला नुसतं प्रोग्रामिंग येतं, त्याचं काय लोणचं घालू?"

माझी निवडही अशीच झाली. माझे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते, युनियनची पत्रकं काढायचे. एका पत्रकात मी सभेचा वार चुकवला आणि निम्मं वर्कशॉप बुधवारी रिकाम्या मैदानात घोषणा देऊन आलं. हे ऐकून सर इतके हसले की त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला. टेबलाखालूनच त्यांनी विचारलं, "सोमवारपासून येशील?"

मी घरून 'मालक' या जमातीबद्दल पक्की मतं घेऊन आले होते. या माणसाने ती पहिल्याच शनिवारी मोडीत काढली.

शनिवारी दुपारी आमच्याकडे चूकवही निघायची. लाल कापडी बांधणीची, व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चोपड्यासारखी जाडजूड. सरांचे आजोबा संस्थानात दप्तरदार होते, त्यामुळे दप्तर ठेवण्याची हौस रक्तातच. मधोमध सेव-उसळीचं पातेलं, भोवती आम्ही अकरा जण. प्रत्येकाने आठवड्यातली आपली चूक आपल्या पानावर लिहायची आणि मोठ्याने वाचायची. पहिला मान सरांचा. ज्याची एकही चूक नसेल, त्याने सगळ्यांच्या बश्या घासायच्या!

"बेन, एकही चूक नाही? म्हणजे या आठवड्यात तू काही नवीन केलंच नाहीस. साबण मोरीत आहे," सर सांगत.

ते दिवस दोन हजार सालाच्या धास्तीचे. साल दोनच आकड्यांत लिहिणारे जगभरचे प्रोग्राम दुरुस्त करायचे होते आणि बडोद्यातल्या आमच्या तीन खोल्यांत कॅनडातली कामं येऊ लागली होती. हेतलने एका दवाखान्याच्या यादीत शतक चुकवून शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्यांना एका फटक्यात तान्ही बाळं करून टाकलं. त्यांना डोस पाजायला आणा, अशी पत्रं छापून तयार! पण चूक लक्षात येताच तिने आरडाओरडा केला, दोन तासांत आम्ही सगळ्यांनी मिळून ती निस्तरली, पत्रं टपालात पडलीच नाहीत. शनिवारी तिने ते वाचलं तेव्हा सरांनी तिला उसळीवर दुप्पट सेव घातली. इतकं चोख काम करणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत, आणि त्याचं कारण ही वही होती. आमच्याकडे कोणी काही दडवत नसे. मी हे कुठल्याही व्यासपीठावरून ओरडून सांगायला तयार आहे!

कामं वाढली तशी नवी मशिनं हवी झाली. सरांनी अमदावादच्या विपुलशेठना भागीदार करून घेतलं. मोठा हिस्सा शेठचा. शेठ आले, त्यांनी फिरती खुर्ची मागवली आणि जाहीर केलं की दर वर्षी सगळ्यांत कच्चे दोघे कमी करायचे.

"कच्चे कोण ते कसं ठरवणार?" सरांनी विचारलं.

"तमे तो गजब माणस छो, ताम्हणे! सगळं लिहूनच ठेवलंय की. सोमवारी ती लाल चोपडी माझ्या टेबलावर ठेवा."

हेतलचा चेहरा पांढरा पडला. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या पगारावर. आणि म्हाताऱ्यांची बाळं तिच्याच अक्षरात, तिच्याच सहीने वहीत बसलेली.

मी तासाभरात पत्रक लिहिलं: 'विश्वासाने दिलेली कबुली हा पुरावा नव्हे!' सरांनी ते दोनदा वाचलं. "भाषा जबरी आहे, मंजिरी. पण शेठ पत्रकाने थांबायचे नाहीत." पत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

शनिवारी पातेलं आलं. सर म्हणाले, "आज वाचायचं नाही. आपापली पानं फाडून घरी न्या."

कोणी हलेना.

"चालो, चालो! आणि पट्टी धरून फाडा रे, सरळ. काय तो उंदराने कुरतडल्यासारखा कागद!"

सोमवारी शेठनी वही उघडली. आत एकच अक्षर. ताम्हणेसरांचं.

"बाकीच्यांच्या चुका क्यां छे?"

"माणसं मी निवडली, शेठ. काम मी वाटलं. आहेत त्या एवढ्याच."

"मग यादीत पहिलं नाव तुमचं येईल."

"बराबर," सर म्हणाले. त्यांनी डबा उचलला आणि त्याच जिन्याने उतरून गेले. हेतल राहिली. कच्च्यांची यादी एका नावावर संपली.

शेठनी वही कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. मी ती उचलली आणि संध्याकाळी सरांच्या घरी निघाले. सर एकटेच राहत. वाटेत मोपेड थांबवून मी पानं चाळली. दर शनिवारी आम्हाला हसवलेली एकेक चूक. पण प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक पेन्सिलीने, त्यांनी कधीच न वाचलेली एक ओळ: 'रमणभाईंकडे गेलो नाही.'

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मी वही त्यांच्यापुढे धरली. "हे रमणभाई कोण?"

सरांनी डब्याचं झाकण पुसून ठेवलं. मग म्हणाले, "तरुणपणी एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत होतो. मी चुकीची टेप चढवली, वर्षभराचा साठ्याचा हिशेब पुसला गेला. त्या पाळीच्या नोंदीवर सही माझ्या जोडीच्या रमणभाईंची होती. त्यांना काढलं. मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली."

"कुठे असतात ते?"

"इथून जवळच, पादरा गावात. बस स्टँडच्या मागे. पत्ता पाठ आहे मला."

"बसा मागे," मी म्हणाले.

"आत्ता? अगं, असं न कळवता..."

"सर, बसा."

सहा फुटी ताम्हणेसर गुडघे पोटाशी घेऊन माझ्या मोपेडवर बसले. तसेच आम्ही पादरा गावात पोहोचलो.

रमणभाई ओसरीतल्या झोपाळ्यावर एकटेच बसले होते. केस पिकलेले, अंगात बंडी. सर पायरीपाशीच थांबले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळे झाले: टेप, सही, गप्प बसणं. आवाज इतका लहान, की मलाही नीट ऐकू येईना.

रमणभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला, शेजारची जागा हाताने पुसली आणि थोडं पलीकडे सरकले.