पोपटचं मन कुठं रमलं

आमच्या पलूसमध्ये पोपट भेटला की आधी बाही वर करावी लागते. बाकीची विचारपूस नंतर. कोपराच्या खळगीत अंगठा दाबून तो म्हणतो, "वा मास्तर, काय शीर हाय! बघत ऱ्हावंसं वाटतंय."

ही खोड सांगलीच्या एका लॅबमधली. तिथं तो रक्त काढायचा. हात हलका, पगार बरा, तरी सोडलं. मग एक्स-रे शिकला. त्या दिवसांत मंडईत कुणी फार बडबड केली की हा ओरडायचा, "श्वास रोखा! हलू नका!" पुढं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली, तेव्हा तर स्वतःच्या स्कूटरवरही तोंडानं सायरन वाजवत जायचा.

"एका जागी टिकत का नाहीस रे?" मी वैतागून विचारलं.

"माणूस दारात सोडायचा आन् आपुन माघारी. त्येचं म्होरं काय झालं, कोन सांगतंय?"

शेवटी तो डायलिसिसचं काम शिकला आणि सांगलीतच एका दवाखान्यात लागला. परवा कामासाठी सांगलीला गेलो होतो. संध्याकाळी बरोबरच परतू म्हणून दुपारी त्याच्याकडं डोकावलो. पोपट एका आजींना वजनकाट्यावर उभं करून दरडावत होता, "उसाचा रस पिलासा न्हवं? अंगात पानी साठलंय, काटा चुगली करतोय!" आजी लाजून हसत होत्या.

पण त्याचं लक्ष दाराकडं होतं. आठवड्यातून दोनदा मशीनवर येणारे शिराळ्याचे सुभेदार, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक आजोबा, वेळ टळली तरी आले नव्हते. फोनही बंद. चहा तसाच गार झाला. पोपट चारदा फाटकापर्यंत जाऊन आला.

अखेर सुभेदार डुलत डुलत आले. एसटी वाटेत बंद पडली होती.

"आवं, फोन काय पूजेला ठिवलाय व्हय?" पोपट कडाडला. मग त्यानं त्यांना पलंगावर निजवलं, मशीन जोडलं, पायांवर चादर ओढली.

काम संपल्यावर सुभेदार उठले. "येतो रं पोपट."

"या. सावकाश जावा."

ते दिसेनासे होईपर्यंत तो दारातच उभा होता. मी म्हटलं, "अरे, दवाखान्यातून निघताना कुणी 'येतो' म्हणतं का?"

"हितं समदी म्हनत्यात," तो म्हणाला. "आन् येत्यात बी. आई गेल्यापास्नं घरात ह्यो शबुद न्हवता, मास्तर."

मग स्कूटरची किल्ली शोधत म्हणाला, "चला, बसा मागं."